प्रश्नोत्तरे : बास्केटबॉलच्या बुटांवर किती भिस्त ठेवावी?

बास्केटबॉलच्या बुटांबद्दलचे प्रश्न वरवर निरनिराळे दिसतात, पण घोळ एकच असतो. बुटाचं काम मोजकं आहे : कोर्टवर पकड देणं, टाच जागेवर धरणं आणि उडीनंतर बसणारा हादरा थोडा मवाळ करणं. अपेक्षा मात्र उंच उडीची, गुडघेदुखी बरी होण्याची आणि मुरगळलेला घोटा सांभाळण्याची असते. म्हणून यावेळी हेच प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : धावण्याचे शूज घालून बास्केटबॉल खेळलं तर चालेल का?

नाही. ते सरळ पुढे पळण्यासाठी बनवलेले असतात. आडवा कट मारताना, म्हणजे पळता पळता अचानक बाजूला वळताना, पाय सोलच्या कडेवरून बाहेर कलतो.

प्रश्न : शूज नवे आहेत, तरी हॉलमधल्या लाकडी कोर्टवर घसरतात. बाहेर सिमेंटवर मात्र छान चालतात. सोलवर कोल्ड्रिंक किंवा हेअरस्प्रे लावला की पकड येते असं मित्र सांगतात. लावू का?

अजिबात नको. तो चिकटपणा थोडाच वेळ टिकतो, मग त्यालाच धूळ चिकटते आणि आधीपेक्षा जास्त घसरायला होतं. शिवाय कोर्टवर डाग पडतात ते वेगळेच.

लाकडी कोर्टवर बूट घसरण्याचं कारण बहुतेक वेळा धूळ असतं. खरखरीत सिमेंटवर ते जाणवत नाही, गुळगुळीत लाकडावर लगेच जाणवतं. वॉर्म-अपच्या आधी ओलसर, पाणी न गळणाऱ्या फडक्याने सोल पुसा, कोरड्या फडक्याने टिपून घ्या आणि टाइमआउटमध्ये हेच पुन्हा करा. खेळायचे बूट पायात घालून रस्त्यावरून चालत येऊ नका. हॉलमध्ये आल्यावर घाला.

एवढं करूनही घसरत असेल तर सोल उजेडात तिरका धरून बघा. पिव्होट घेताना, म्हणजे एक पाय जागेवर ठेवून वळताना, पाय अंगठ्याच्या मुळाखालच्या भागावर फिरतो. नागमोडी रेषांच्या कडा आधी तिथे बोथट होतात, मग तिथे एक गुळगुळीत चट्टा पडतो. नख फिरवल्यावर रेषा लागत नसतील तर हॉलपुरता तो बूट संपला. मऊ रबराचे, बारीक नक्षीचे सोल सिमेंटवर फार लवकर या अवस्थेला येतात, त्यामुळे दोन्हीकडे खेळत असाल तर दोन जोड ठेवा. बाहेरच्या जोडाचं रबर कडक आणि खोबणी खोल हवी.

पकड जितकी जास्त तितकी चांगली, असंही नाही. पाऊल कोर्टला खिळून राहिलं आणि धड फिरलं की पीळ गुडघ्यात जातो. गुडघ्याच्या लिगामेंटची (हाडं एकमेकांना जोडणाऱ्या पट्ट्याची) जुनी दुखापत असेल तर नवा बूट निवडण्याआधी आपल्या फिजिओथेरपिस्टशी बोला.

प्रश्न : दुकानदार म्हणतात, "अर्धा नंबर लहान घ्या, वापरून सैल होतो." खरं आहे का?

दुकानात तुमचा नंबर शिल्लक नसला की हे हमखास ऐकायला मिळतं. वरचं कापड रुंदीत थोडंफार सैलावतं, लांबी मात्र वाढत नाही. कमी पडणारी लांबी शेवटपर्यंत कमीच पडते.

माप संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाऊल थोडं फुगतं. खेळताना घालता तेच मोजे घाला, दोन्ही पायांत बूट घालून उभे राहा आणि मोठ्या पावलाच्या मापाने घ्या. सर्वांत लांब बोटापुढे साधारण १ सेंमी जागा हवी. सर्वांत लांब बोट म्हणजे अंगठाच असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. चवड्याच्या दोन्ही बाजूंना बूट टेकलेला असावा, पण त्याने चिमटता कामा नये. मग जोरात पुढे जाऊन एकदम थांबा. बोटं पुढे आपटली किंवा टाच वर निघाली तर तो बूट परत ठेवा.

फक्त टाच किंचित सरकत असेल तर लेस बदलून बघा. लेसचं टोक शेवटच्या आधीच्या भोकातून बाहेर आलं की ते समोर न नेता त्याच बाजूच्या शेवटच्या भोकात घालून एक फासा करा. दुसरीकडेही तसंच. आता प्रत्येक टोक समोरच्या फाशातून ओढा, खालच्या दिशेने ताणा आणि मग गाठ मारा. टाच मागच्या कपात बसते. तरीही सरकली तर बूट तुमच्या पायाचा नाही.

प्रश्न : पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडलं आहे. शूज मोठे घेऊ?

मोठ्या बुटातही नख काळं पडतं, कारण पाऊल पुढे सरकून आपटतं. नख कापा, लेस वर सांगितल्याप्रमाणे बांधा. ठणका, पू किंवा सूज असेल तर डॉक्टरांना दाखवा.

प्रश्न : उडी वाढवणारे शूज म्हणून एक जाहिरात पाहिली. सोलमध्ये स्प्रिंगसारखी यंत्रणा आहे. फरक पडतो का? माझ्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखतंही.

२०१० मध्ये एनबीएने (अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगने) 'अ‍ॅथलेटिक प्रोपल्शन लॅब्स' या कंपनीच्या अशाच एका बुटावर अवाजवी फायदा मिळतो म्हणून बंदी घातली आणि कंपनीने त्या बंदीचीच जाहिरात केली. तेव्हापासून हा दावा वेगवेगळ्या वेष्टनांत विकला जातो आहे. सोल कितीही लवचीक असला तरी त्यातून परत मिळते ती तुम्हीच त्यात दाबलेली ऊर्जा, आणि तीही पूर्ण नाही. उडी येते मांड्या, नितंब आणि पोटऱ्यांच्या ताकदीतून. तुम्ही गुडघ्याच्या वाटीखाली दुखतं असंही लिहिलं आहे. ते उडी मारणाऱ्यांचं नेहमीचं स्नायुबंधाचं दुखणं असू शकतं. जास्त उड्या मारायच्या तयारीला लागण्याआधी गुडघा तपासून घ्या.

प्रश्न : वय १९. तीन आठवड्यांपूर्वी रिबाउंड (बास्केटवरून उसळून आलेला चेंडू) घेऊन खाली येताना पाय दुसऱ्याच्या पायावर पडला आणि घोटा मुरगळला. एक्स-रे काढला नाही. संध्याकाळी अजून सूज येते. हाय-टॉप शूज घट्ट बांधून खेळतोय. पुढच्या आठवड्यात स्पर्धा आहे. आणखी उंच कॉलरचे शूज घेऊ का?

आधी खेळणं थांबवा आणि घोटा डॉक्टरांना दाखवा. बूट कोणता घ्यायचा ते नंतर बघू.

उंच कॉलर घोटा वाचवते, हा समज अजून गेलेला नाही. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सहाशेहून अधिक खेळाडूंचे यादृच्छिक गट पाडून कुणाला हाय-टॉप, कुणाला हवेचे कप्पे असलेले हाय-टॉप, तर कुणाला लो-टॉप (कॉलर घोट्याच्या खाली संपणारे) बूट दिले होते. घोटा मुरगळण्याच्या प्रमाणात ठोस फरक दिसला नाही. एनबीएतला नामवंत खेळाडू कोबी ब्रायंट २००८-०९ च्या हंगामात लो-टॉप घालून खेळला, त्यानंतर एनबीएत तसे बूट सर्रास दिसू लागले.

असं का, ते समजून घ्या. दुसऱ्याच्या पायावर पाऊल पडलं की ते निमिषार्धात आत वळतं आणि त्यावर शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार येतो. कापड आणि फोमची कॉलर तो अडवू शकत नाही. त्या क्षणी पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू पाऊल सावरायचा प्रयत्न करतात. पाऊल कुठे आणि किती कललंय याची खबर लिगामेंटमधल्या संवेदना देतात. लिगामेंट ताणलं किंवा फाटलं की ही खबरही बिघडते. दुखणं थांबलं, सूज उतरली म्हणजे ती आपोआप परत येते असं नाही. ती व्यायामाने परत आणावी लागते.

हे टाळल्याने काय होतं तेही नोंदलं गेलं आहे. २००१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या बास्केटबॉलपटूंवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. आधी घोटा दुखावलेल्यांना तो पुन्हा दुखावण्याची शक्यता इतरांच्या जवळपास पाचपट आढळली, आणि घोटा दुखावलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांनी कुठल्याही तज्ज्ञाकडून उपचार घेतलेले नव्हते. "मुरगळला आहे, होईल बरा" या एका वाक्याने किती घोटे कायमचे सैल झाले असतील! त्याच अभ्यासात टाचेत हवेचे कप्पे असलेले बूट वापरणाऱ्यांना धोका चारपटींहून जास्त दिसला. तेव्हाची रचना आजच्या प्रत्येक बुटाला लागू करू नये, पण टाचेखालचा उंच, डळमळता सोल तुमच्या घोट्याला नकोच.

एक्स-रे लागेल की नाही हे डॉक्टर ठरावीक खुणांवरून ठरवतात : घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांच्या टोकाला किंवा मागच्या कडेच्या खालच्या ६ सेंमी भागात दाबल्यावर दुखणं, पावलाच्या बाहेरच्या कडेच्या मधल्या उंचवट्यावर किंवा आतल्या बाजूच्या नेव्हिक्युलर हाडावर दुखणं, किंवा चार पावलंही टाकता न येणं. हे नियम ताज्या दुखापतीसाठी आहेत. तीन आठवड्यांनंतरही सूज येते म्हणजे घरी दाबून बघण्याची वेळ गेली आहे.

तपासणीत हाड शाबूत निघालं तर पुढची वाट अशी असते. आधी घोट्याची पूर्ण हालचाल परत आणायची. भिंतीसमोर पाऊल टेकवून, टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा; दोन्ही पायांचं भिंतीपासूनचं अंतर जवळपास सारखं यायला हवं. मग एका पायावर ३० सेकंद उभं राहणं, आधी डोळे उघडे ठेवून, नंतर मिटून. मग एका पायावर टाचा उचलणं, चांगल्या पायाने जेवढ्या वेळा जमतं तेवढ्या वेळा. मग एका पायावर उड्या, सरळ पळणं, कट मारणं आणि सर्वांत शेवटी अंगाला अंग लागणारा खेळ. एखाद्या पायरीवर दुखलं किंवा दुसऱ्या दिवशी सूज आली तर एक पायरी मागे यायचं. हे फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखालीच करा. स्पर्धेची तारीख बघून पायऱ्या गाळता येत नाहीत.

आधार हवाच असेल तर तो बुटाकडून न घेता लेस बांधायच्या ब्रेसकडून (घोट्याभोवती घालायच्या आधारपट्ट्याकडून) घ्या. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, शाळकरी बास्केटबॉलपटूंच्या चाचणीत असा ब्रेस वापरणाऱ्यांमध्ये घोट्याच्या नव्या दुखापती साधारण एक तृतीयांशावर आल्या. ज्या झाल्या त्यांची तीव्रता मात्र कमी झाली नाही. म्हणजे ब्रेस व्यायामाच्या जोडीला. त्याच्या जागी नव्हे. बूट घेताना ब्रेस घालूनच माप घ्या.

प्रश्न : शूज किती महिन्यांनी बदलायचे?

महिने मोजून उपयोग नाही. रोज दोन तास खेळणारा आणि रविवारी खेळणारा यांचे बूट एका वेगाने झिजत नाहीत. बूट टेबलावर ठेवून मागून बघा. टाच एका बाजूला कलली असेल, सोलच्या कडेला आडव्या सुरकुत्या कायमच्या पडल्या असतील, किंवा टाच आणि पुढचं टोक धरून पिळल्यावर बूट मधोमध फडक्यासारखा वळत असेल तर तो बदला. चांगला बूट चवड्याच्या जागी वाकतो, मध्यभागी नाही.

"न वापरलेला, जुना स्टॉक" म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या बुटांपासून सावध राहा. पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने डब्यातल्या डब्यातही कुजतो आणि पहिल्याच सामन्यात सोलचा भुगा होतो. ईव्हीए फोमचं तसं होत नाही, पण जुना बूट असेल तर चिकटवलेले जोड तपासून घ्या.

प्रश्न : शूज वॉशिंग मशीनमध्ये धुतले तर?

नको. जोड सुटतात. ओल्या फडक्याने पुसा आणि सावलीत वाळवा.

प्रश्न : मुलगा ११ वर्षांचा आहे. वाढता पाय म्हणून दोन नंबर मोठे शूज घेतले. आता खेळल्यावर टाच दुखते म्हणतो. सवय होईल ना?

दुखण्याची सवय होऊ देऊ नका. या वयात टाचेच्या हाडाची वाढ चालू असते आणि धावण्या-उडण्याने तिथे ताण येऊन दुखतं. हे बरं होतं, पण खेळ किती कमी करायचा ते डॉक्टरांनी ठरवायला हवं. बूट मापाचा घ्या, दर तीन महिन्यांनी माप तपासा. मोठ्या बुटात पाऊल सरकतं आणि मूल बोटांनी बूट धरून पळतं.

प्रश्न : दोन महिन्यांपासून उजव्या पावलाची बाहेरची कडा मधोमध दुखते. शूज अरुंद वाटले म्हणून दोनदा जोड बदलला. आता रुंद पायासाठीचे कुठले घेऊ?

आत्ता कुठलेच घेऊ नका. तुम्ही सांगितलेली जागा करंगळीमागच्या पाचव्या मेटाटार्सल हाडाच्या मुळाजवळची आहे. कट मारताना आणि उडीनंतर पाय टेकताना तिथे वारंवार ताण येऊन बारीक तडा जाऊ शकतो. तिथला रक्तपुरवठा कमी असल्याने तो सावकाश जुळतो आणि त्यावर खेळत राहिलं तर हाड पुरतं मोडतं. मग शस्त्रक्रियेची वेळ येऊ शकते. सुरुवातीच्या एक्स-रेमध्ये असा तडा कधी दिसतच नाही, त्यामुळे एक्स-रे स्वच्छ आला तरी दुखणं कायम असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा. याच आठवड्यात ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. दोन्ही जुने जोड सोबत न्या, सोलची झीज त्यांना बघू द्या. निदान होईपर्यंत उड्या आणि पळणं पूर्ण बंद.