वेगाच्या चाचणीत मोजणारे साधनही तपासावे लागते

प्रश्न : मी नागपुरात अभियांत्रिकीच्या अंतिम वर्षात शिकतो. प्रकल्पासाठी जँगो (पायथॉन) आणि एक्सप्रेस (जावास्क्रिप्ट) या वेब अ‍ॅप्लिकेशन बनवण्याच्या फ्रेमवर्कच्या वेगाची तुलना माझ्या लॅपटॉपवर केली. सकाळी एक पुढे होते, दुपारी दुसरे. कोणता निकाल ग्राह्य धरावा?
– एक विद्यार्थी, नागपूर

उत्तर : तूर्तास कोणताही नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि तापलेला प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. त्यामुळे दुपारी ज्याची पाळी नंतर आली, त्याच्यावर अन्याय झाला असण्याची शक्यता आहे. शिवाय सर्व्हर, डेटाबेस आणि भार देणारे (म्हणजे सर्व्हरला सतत विनंत्या पाठवून वेळ मोजणारे) साधन एकाच यंत्रावर असतील, तर ती तिन्ही एकमेकांचा प्रोसेसर ओढतात. भार दुसऱ्या संगणकावरून द्यावा, आणि दोन्ही फ्रेमवर्कच्या फेऱ्या आलटून-पालटून घ्याव्यात.

मांडणीही प्रत्यक्ष वापरातलीच हवी. जँगोचा डीबग (चुका शोधण्यासाठीचा) पर्याय चालू राहिला, तर तो डेटाबेसच्या क्वेरींच्या नोंदी मेमरीत साठवत राहतो. एक्सप्रेस ज्या नोडवर चालते, त्याची एक प्रक्रिया जावास्क्रिप्ट एकाच धाग्यावर (थ्रेडवर) चालवते, म्हणून जँगोला चार वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रक्रिया) दिले असतील, तर एक्सप्रेसलाही चार प्रक्रिया द्याव्यात.

मात्र सर्वाधिक फसवणूक मोजण्याच्या पद्धतीत होते, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. समजा, साधन एकच जोडणी वापरते, प्रत्येक उत्तर 10 मिलिसेकंदांत येते, आणि मिनिटभराच्या चाचणीत सर्व्हर 10 सेकंद गोठतो. साधनही तेवढा वेळ थांबून राहते; म्हणून त्याच्या नोंदीत सुमारे 5,000 जलद उत्तरे आणि अवघे एक संथ उत्तर दिसते, आणि 99 टक्के विनंत्या 10 मिलिसेकंदांत पूर्ण झाल्या असा निष्कर्ष निघतो. खरे वापरकर्ते सर्व्हरसाठी थांबत नाहीत. ते सेकंदाला 100 या गतीने येत राहिले असते, तर त्या 10 सेकंदांत सुमारे 1,000 जण ताटकळले असते. संगणकप्रणालींच्या कामगिरीचे तज्ज्ञ गिल टेने यांनी हा दोष ठळकपणे मांडला. त्यांचे डब्ल्यूआरके2 हे साधन ठरलेल्या गतीने विनंत्या पाठवते आणि विलंब विनंती निघायला हवी होती त्या क्षणापासून मोजते. तेच वापरावे.

फ्रेमवर्कच्या वेगाची तुलना करणाऱ्या टेकएम्पॉवर या कंपनीच्या 2013 पासूनच्या तक्त्यांशी ताडून पाहायचे असल्यास साध्या मजकुराची चाचणी सोडून द्यावी, कारण तिच्यात एकाच जोडणीवर 16 विनंत्या एकापाठोपाठ ढकलल्या जातात, आणि ब्राउझर तसे करत नाहीत. ‘फॉर्च्युन्स’ चाचणीत डेटाबेसमधील ओळी वाचून, क्रम लावून एचटीएमएल तयार होते. आपल्या प्रकल्पाला तीच जवळची आहे.