उसने दिलेले पैसे मागितले, तर माझा विश्वास कमी पडला का?

‘ताई, जय ख्रिस्त. मी कळव्याला राहते. दीड वर्षापूर्वी आमच्या मंडळीतल्या मैत्रिणीला तिच्या मुलाच्या फीसाठी माझ्या भिशीचे 60,000 रुपये दिले. चार महिन्यांत देते म्हणाली होती. आता ती मला टाळते, उपासनेला पार मागच्या बाकावर बसते. माझ्या डाव्या हाताला तिची जागा असायची, तिथे मी पर्स ठेवते. मिस्टर म्हणतात, “परत मिळायची आशा न धरता उसनं द्या, असं वचन आहे, सोडून दे.” परवा “सत्तर वेळा सात” क्षमा करा यावर संदेश झाला आणि मला रडू आवरेना. वेदीपाशी जाण्याआधी भावाशी समेट कर असं प्रभू म्हणतो, म्हणून दोन महिने प्रभुभोजनाच्या वेळी मी उठून बाहेर जाते. पैसे मागितले तर मी कमी विश्वासाची ठरते का?’

भगिनी, जय ख्रिस्त.

नाही ठरत. तुमचं पत्र वाचून मी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा 18वा अध्याय पुन्हा काढून बसले. ‘सत्तर वेळा सात’ म्हटल्यावर प्रभू लगेच राजाचा दाखला देतो. एका चाकराकडे राजाचं दहा हजार तालंतांचं येणं होतं. एक तालंत म्हणजे साधारण सहा हजार दिवसांची मजुरी, म्हणजे सगळी रक्कम सहा कोटी दिवसांची. राजानं ती सोडली. पुढे त्याच चाकरानं शंभर दिवसांच्या मजुरीसाठी सोबत्याचा गळा धरला, आणि आपल्याकडे बहुतेक संदेश त्या गळ्यापाशीच रेंगाळतात. पण दाखल्याची सुरुवात बघा. राजा आधी हिशेब घ्यायला बसतो. देणं किती ते सगळ्यांसमोर येतं आणि मग माफी होते.

तुम्ही मैत्रिणीचा गळा धरलेला नाही, हे चांगलंच आहे. पण वहीसुद्धा उघडलेली नाही. दीड वर्ष मनातल्या मनात बेरीज चालू आहे. तिला माफ केलंय असं तुम्ही स्वतःला सांगताय, पण तिला त्यातलं काही कळलेलंच नाही.

‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ हे लेवीय 19:18 आपल्याला पाठ असतं. त्याच्या आधीची ओवी कुणी म्हणून दाखवत नाही. तिचा अर्थ असा, की मनात भावाचा द्वेष धरू नकोस, त्याला स्पष्ट बोल, नाहीतर त्याच्यापायी तुलाच पाप लागेल. स्पष्ट बोलणं आणि प्रीती शेजारी शेजारी सांगितली आहेत.

यात दुसरी बाजूही मी भोगली आहे. पूर्वी मी स्वतः ऑफिसातल्या एका बाईची आठ हजारांची देणेकरी होते. त्या ठाण्यात राम मारुती रोडला राहायच्या, म्हणून स्टेशनवरून घरी जाताना मी तो रस्ता सोडून वळसा घालायचे. एकदा जांभळी नाक्यावर भाजी घेताना गाठ पडलीच. त्यांनी माझ्या हातातली मेथीची जुडी काढून घेतली, आपल्या पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, “आठ हजार राहिलेत ना? जमतील तसे दे. पण आज माझ्याबरोबर घरी चल, मेथी तिथेच निवडू.” पैसे फिटायला अकरा महिने लागले. घरी मात्र मी त्याच संध्याकाळी गेले. तुमची मैत्रीण मागच्या बाकावर बसते ती माजून नव्हे, लाजेनं बसत असावी, असं मला मनापासून वाटतं.

आता प्रभुभोजनाचं. मत्तय 5:23 पुन्हा नीट वाचा. ‘तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे’ असं तुला आठवलं, तर आधी त्याच्याकडे जा, असं तिथे आहे. म्हणजे ते वचन आधी तुमच्या मैत्रिणीला लागू पडतं. तुमच्यासाठी 18:15 आहे: तुझ्या भावानं अपराध केला तर जा आणि तुम्ही दोघंच असताना त्याला सांग. दोघींनाही निघायला सांगितलंय. ती निघत नसेल तर तुम्ही निघा. दोघीच असताना म्हणजे मंडळीच्या फाटकात नको, महिला मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर नकोच. तलावपाळीला संध्याकाळी भेटा. आधी मुलाची चौकशी करा, पण त्यातच तास घालवू नका. “साठ हजार राहिलेत, कसं करूया?” एवढं एकच वाक्य घरून ठरवून न्या. दरमहा तीन हजार दिले तरी वीस महिन्यांत फिटतात.

ठरेल ते कागदावर लिहून सही घ्या. यात अविश्वास नाही. तुझा दास अनेसिम तुझं काही देणं लागत असेल तर ते माझ्या नावावर मांड, असं फिलेमोनाला पत्रातून कळवताना खुद्द प्रेषित पौल म्हणतो, मी स्वहस्ते लिहितो, मी फेडीन. शिवाय उसन्या पैशांच्या दाव्याची मुदत कायद्यानं साधारण तीन वर्षं असते आणि त्या मुदतीत लेखी कबुली मिळाली तर ती नव्यानं मोजतात. तुम्ही कोर्टात जावं असं मी म्हणत नाही, करिंथकरांना पौलानं त्यावरून चांगलंच सुनावलं आहे. पण माहीत असलेलं बरं. तिनं ऐकलंच नाही, तर मंडळीतल्या एक-दोन जाणत्या बायकांना सोबत न्या. पाळकसाहेबांना पहिल्याच दिवशी वसुलीला धाडू नका.

मिस्टरांनी सांगितलेलं वचन खरं आहे, लूक 6:35. पण भिशी तुमची. तुमच्या वतीनं दुसऱ्या कुणाला माफ करता येत नाही, नवऱ्यालाही नाही. बसून बोलल्यावर तिची खरंच ओढाताण आहे असं दिसलं आणि सगळे किंवा अर्धे सोडावेसे वाटले, तर तिला तोंडावर सांगा: “इतके सोडले.” आणि मग ती रक्कम पुन्हा कधी, भांडणातसुद्धा, काढायची नाही.

उठून बाहेर जाणं आता थांबवा. आणि येत्या रविवारी पर्स मांडीवर घ्या. डाव्या हाताची जागा मोकळी राहू द्या.