टीएमसी, एमएलडी, पीपीएम, बीओडी: नवीन ऑपरेटर भावाच्या प्रश्नाला उत्तर

भाऊ, तुम्ही लिहिलंय की डिप्लोमा झाल्यावर सोलापुरात एसटीपीवर (सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटवर) ऑपरेटर म्हणून लागलाय आणि टीएमसी, एमएलडी, पीपीएम, रेसिड्युअल, बीओडी, सीओडी, एमएलएसएस या सगळ्याचा डोक्यात काला झालाय, पाठ कसं करायचं. पाठ करूच नका. मी या लाईनीत बावीस वर्षं आहे, आधी पिण्याच्या पाण्याच्या फिल्टरवर होतो आणि आता सांडपाण्यावर. माझं एकच सांगणं, शब्द कानावर आला की पहिलं बघायचं, हे साठ्याचं माप आहे, वाहण्याचं आहे, का पाण्यात काय किती मिसळलंय त्याचं आहे.

टीएमसी हा साठा, म्हणजे अब्ज घनफूट. एक टीएमसी म्हणजे साधारण २८३२ कोटी लिटर. आपण उन्हाळ्यात रोज बोलतो ना उजनी मायनसमध्ये गेली, तर धरण कोरडं पडलं असं नाही. उजनीत एकूण ११७ टीएमसी बसतं, त्यातलं जवळजवळ ६३ मृतसाठा आणि ५३ च्या वर उपयुक्त. टक्केवारी फक्त उपयुक्तची काढतात, म्हणून शून्य टक्के असताना पण खाली ६३ टीएमसी असतं आणि तिथून खाली गेलं की मायनस.

एमएलडी हे वाहणं, दिवसाला दहा लाख लिटर. आता हिशोब बघा, एखाद्या शहराला रोज १०० एमएलडी धरलं तर एक टीएमसी २८३ दिवस पुरतं. मग लोक विचारतात एवढं पाणी असून टंचाई का. पाईपलाईननं आणलं तर हा हिशोब जुळतो, पण सोलापूरला पाणी उचलायचा औज बंधारा भरायला भीमेतून सोडलं की वाटेत नदीपात्रात मुरतं, वाफ होते, उपसा होतो, त्यामुळं शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट सोडावं लागतं.

पीपीएम म्हणजे लिटरमागं मिलिग्रॅम. इथं एक गोष्ट वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, पीपीएम गुणिले एमएलडी बरोबर किलो. तुरटी किती टाकायची ते ठरवायच्या जार टेस्टला सहा जारमधे गढूळ पाणी घेऊन एक टक्क्याचं तुरटीचं पाणी १, २, ३ मिली असं वाढवत टाकायचं (लिटरच्या जारला १ मिली म्हणजे १० पीपीएम), आधी जोरात आणि मग हळू ढवळायचं, आणि ज्या जारमधे कापसासारखे गोळे धरून लवकर खाली बसतात तो डोस. समजा ३० पीपीएम आला आणि प्लांट ५० एमएलडीचा, तर दिवसाला १५०० किलो तुरटी. टर्बिडिटी आणि टीडीएस पण लोक एकच समजतात, टर्बिडिटी म्हणजे गढूळपणा, तो तुरटीनं आणि फिल्टरनं जातो, टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार, ते फिल्टरमधून सरळ निघून येतात.

आता रेसिड्युअल, हे मला लई मनापासून सांगायचंय. डोस म्हणजे आपण टाकलेला क्लोरीन आणि रेसिड्युअल म्हणजे पाण्यातली घाण मारून शिल्लक राहिलेला. मी नवीन असताना रजिस्टरला रेसिड्युअलच्या रकान्यात डोसच लिहायचो, २ पीपीएम, दोन महिने कुणी विचारलं नाही. पावसाळ्यात लाईनीच्या शेवटच्या गल्लीत जुलाब-उलट्यांचे पेशंट निघाले तेव्हा साहेबांनी मला ओटीची (क्लोरीन तपासायच्या ऑर्थोटोलिडिनची) बाटली देऊन पाठवलं. एका मावशींच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, पिवळं व्हायला पाहिजे होतं, काहीच झालं नाही, कोरं पाणी. घरात तापानं झोपलेलं पोर होतं. नळाला किमान ०.२ पीपीएम पाहिजे, तिथं शून्य. आपल्याकडं पाणी रोज येत नाही, मधल्या दिवसात पाईप रिकामा पडतो, मग गटारीशेजारच्या गळतीतून घाण आत ओढली जाते आणि पाणी सुटल्यावर सगळा क्लोरीन तिथंच खर्ची पडतो. तेव्हापासून मी प्लांटवरचा आकडा खरा धरत नाही, टेल एंडचा, म्हणजे लाईनीच्या शेवटच्या नळाचा धरतो.

तुमच्या एसटीपीचं सांगतो. बीओडी म्हणजे जिवाणूंना ती घाण खायला लागणारा ऑक्सिजन, आपल्याकडं २७ डिग्रीला तीन दिवस ठेवून काढतात. सीओडी म्हणजे तीच घाण केमिकलनं जाळून काढलेली मागणी, दोन-तीन तासात आकडा मिळतो आणि तो कायम बीओडीपेक्षा जास्तच. घरगुती सांडपाण्यात साधारण दुप्पट असतो, पण तो तिप्पट-चौपट दिसायला लागला तर जिवाणूंना न पचणारं काहीतरी येतंय, चादर-टॉवेलच्या गावात पहिलं रंगाच्या पाण्याकडं बघायचं.

एमएलएसएस म्हणजे एअरेशन टँकमधे (जिथं सांडपाण्यात हवा सोडतात) लिटरमागं किती मिलिग्रॅम गाळ तरंगतोय ते, त्यात आपले कामाचे जिवाणू. उद्या शिफ्टला लिटरचा सिलिंडर घ्या, टँकचं पाणी भरा, अर्धा तास हलवू नका. गाळ ३०० मिलीवर बसला आणि एमएलएसएस ३००० असेल तर एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो) १०० येतो, चांगलं आहे. १५० च्या वर जायला लागला तर गाळ नीट बसेना झालाय. रंग तपकिरी आणि वास ओल्या मातीचा पाहिजे, काळा पडून सडका वास आला तर आधी हवा सोडणारा ब्लोअर बघा.

मागच्या महिन्याचे सीओडी, बीओडी आणि सिलिंडरचे आकडे असतील तर इथंच टाका, मी रात्री ड्युटीवरून आलो की बघतो.