खेळाडू दुसऱ्याच राज्याच्या संघाकडून खेळतो, तरी अमेरिकेत त्याच्या घरच्या राज्याला एवढा अभिमान का वाटतो?

तुमचा प्रश्न मला असा कळला: रणजी स्पर्धेत मुलगा सहसा आपल्याच भागाच्या संघटनेकडून खेळतो, म्हणून त्याचं कौतुक समजण्यासारखं आहे. पण अमेरिकेत बेसबॉलचा खेळाडू एका राज्यातला आणि खेळतो भलत्याच राज्याकडून. मग त्याच्या गावाकडच्यांना एवढं काय त्याचं?

मी बरीच वर्षं मिनेसोटात, सेंट पॉलच्या जवळ राहते. त्यामुळे इथलं सांगते.

मुळात तो कुठल्या संघाकडून खेळतो, हे त्याच्या हातात फारसं नसतं. संघ खासगी मालकीचे. शाळा-कॉलेजातल्या मुलांची दरवर्षी ड्राफ्टमध्ये निवड होते, संघ आळीपाळीने नावं घेतात आणि ज्याने घेतलं तिकडे जायचं. पुढेही संघ त्याला दुसऱ्या संघाला देऊन टाकू शकतो. मग माणसं जर्सीवर कशाला विसंबतील? ती बघतात तो कुठे वाढला, कोणाच्या हाताखाली शिकला. इथे एखाद्या खेळाडूचं नाव निघालं की पहिला प्रश्न येतो, "हायस्कूल कुठलं?"

त्यात मिनेसोटाची थंडी. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा, टेक्सासमधली मुलं जवळजवळ बारा महिने मैदानावर असतात. आमच्याकडे एप्रिलमध्येसुद्धा बर्फ पडतो. माझा मुलगा शाळेच्या संघात होता तेव्हा मार्चभर सराव जिममध्ये चालायचा. लाकडी फरशीवर चेंडू सरळ घसरत येतो, मातीवर त्याची उसळी निराळीच, त्यामुळे बाहेर पडल्यावर पोरांना चेंडू अडवायला पुन्हा नव्याने शिकावं लागायचं. गारठ्यात बॅटच्या मुठीजवळ चेंडू बसला की मनगटापर्यंत झिणझिण्या जातात. अशा ठिकाणाहून कोणी मोठ्या लीगपर्यंत पोचला, तर तो किती अडचणींतून गेला हे प्रत्येक घराला ठाऊक असतं.

आणि तरी बघा, सेंट पॉल हे जेमतेम तीन लाख वस्तीचं शहर. इथे जन्मलेले चार जण हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या मानाच्या यादीत, आहेत: डेव्ह विनफिल्ड, पॉल मॉलिटर, जॅक मॉरिस आणि जो मावर. विनफिल्ड आणि मॉलिटर तर ऑक्सफर्ड नावाच्या एकाच सार्वजनिक मैदानावर, बिल पीटरसन या एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली घडले. विनफिल्डला 1973 मध्ये बेसबॉलच नव्हे, बास्केटबॉल आणि फुटबॉलच्या संघांनीही निवडलं होतं, आणि कॉलेजात तो फुटबॉल खेळलाच नव्हता! दोघांनी उमेदीची वर्षं बाहेर काढली, एक सॅन दिएगो आणि न्यूयॉर्कला, दुसरा मिलवॉकीला. चाळिशीच्या आसपास दोघे घरच्या ट्विन्स संघात परतले आणि दोघांनी कारकिर्दीतली तीन हजारावी हिट (चेंडू मारून सुखरूप पहिल्या तळापर्यंत किंवा पुढे पोचणं) इथलीच जर्सी घालून मारली. तारीखही एकच, 16 सप्टेंबर, विनफिल्डची 1993 ची आणि मॉलिटरची 1996 ची.

मॉरिस ट्विन्सकडून एकच हंगाम खेळला, 1991 चा. पण वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेच्या सातव्या, निर्णायक सामन्यात या पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, दहाच्या दहा इनिंग (एरवी सामना नऊ इनिंगचा असतो) एकट्याने टाकल्या आणि अटलांटाला एकही रन करू दिली नाही. ट्विन्स 1-0 ने जिंकले. लगेच पुढच्या हंगामात तो टोरांटोला गेला. त्या रात्रीबद्दल इथली पन्नाशी ओलांडलेली माणसं अजूनही तासभर बोलू शकतात.

मला स्वतःला मात्र सगळ्यात जवळचा वाटतो मावर. 2001 च्या ड्राफ्टमध्ये पहिलं नाव घ्यायचा मान ट्विन्सचा होता आणि त्यांनी आपल्याच शहरातला, मॉलिटरच्याच शाळेचा हा मुलगा निवडला. चार वर्षांच्या हायस्कूल बेसबॉलमध्ये तो एकदाच स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन बाद, झाला होता. कॅचर म्हणजे सबंध सामना उकिडवं बसून चेंडू झेलणारा, गुडघे झिजवणारा माणूस. त्या जागेवरून फलंदाजीत अव्वल येणं अतिशय कठीण. मावरने लीगमधल्या सर्वोत्तम सरासरीचा मान तीन वेळा मिळवला, 2006, 2008 आणि 2009 मध्ये. अमेरिकन लीगमध्ये, म्हणजे ट्विन्स खेळतात त्या लीगमध्ये, तीन वेळा हे करणारा दुसरा कॅचर नाही.

पण घरच्या मुलाकडून अपेक्षाही घरच्याच असतात. 2010 मध्ये त्याच्याशी आठ वर्षांचा, 18 कोटी 40 लाख डॉलरचा करार झाला. नंतर दुखापती आल्या, 2013 मध्ये डोक्याला मार बसला आणि कॅचरची जागा कायमची सोडावी लागली. तेव्हा त्याला सोसावे लागलेले शेरे मी इथल्याच लोकांच्या तोंडून ऐकले आहेत: एवढे पैसे घेतो आणि करतो काय? मला ते तेव्हाही अन्यायाचं वाटत होतं, आजही वाटतं. बाहेरून आलेल्याला लोक इतकं कधी बोलले नसते.

30 सप्टेंबर 2018 ला, हंगामाच्या शेवटच्या दिवशी, नवव्या इनिंगमध्ये तो पुन्हा कॅचरचा पूर्ण वेश घालून मैदानात आला. पाच वर्षांनी. त्याने एकच चेंडू झेलला आणि बाहेर गेला. सगळं स्टेडियम उभं होतं. माझ्या शेजारचे गृहस्थ, ज्यांनी त्या कराराला वर्षानुवर्षं नावं ठेवली होती, तेही उभे राहून रडत होते. 2024 मध्ये पहिल्याच वर्षीच्या मतदानात मावर हॉल ऑफ फेममध्ये गेला.

हे प्रेम फक्त मोठ्या नावांवर जगत नाही. मिनेसोटात गावोगावी टाउन बॉल चालतो. हौशी संघ, पैसे नाहीत, खेळाडू जवळपासचेच असावेत असा अंतराचा नियम. राज्याची स्पर्धा 1924 पासून चालू आहे. दिवसा शाळेत शिकवणारा किंवा शेती बघणारा माणूस संध्याकाळी पिचिंग करतो, आणि कुंपणावर गावातल्या बँकेची नि किराणा दुकानाची जाहिरात असते. जॉर्डन गावचं मैदान पाहून या, म्हणजे मी काय म्हणते ते कळेल. जिथे प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी खेळलेलं असतं, तिथे वर पोचलेला एक जण सगळ्यांचा होतो.

नुसता जन्म मात्र पुरत नाही, असं माझं मत आहे. 1961 मध्ये 61 होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारून जुन्या काळच्या बेब रूथ या दिग्गजाचा एका हंगामातला विक्रम मोडणारा रॉजर मॅरिस जन्मला मिनेसोटातल्या हिबिंगला, पण वाढला नॉर्थ डकोटात. त्याचं संग्रहालय फार्गोच्या एका मॉलमध्ये आहे, बघायला तिकीट नाही, आणि त्याची समाधीही फार्गोलाच आहे. तो त्यांचाच. आम्ही त्याच्यावर हक्क सांगू नये.

अगदी अलीकडचं सांगायचं तर लुई व्हारलँड. सेंट पॉलच्या परिसरात वाढला, इथल्याच कॉलेजात शिकला, ट्विन्सकडून खेळला. जुलै 2025 मध्ये ट्विन्सनी त्याला टोरांटोला देऊन टाकलं, आणि ऑक्टोबरमध्ये तो टोरांटोकडून वर्ल्ड सिरीजमध्ये पिचिंग करत होता. आमच्या गल्लीत त्या सामन्यांना घराघरांत टीव्ही चालू होते, आणि टोरांटो जिंकावं असंच सगळ्यांना वाटत होतं.