ख्रिस्ती श्रद्धेने माणूस अधिक सजग आणि आशावादी होतो म्हणतात, म्हणजे नक्की काय होतं?

तुम्ही फोंड्याचे, ख्रिस्ती नाही. ऑफिसातली ख्रिस्ती मैत्रीण घरच्या आजारपणातही खचत नाही, हे तिला कसं जमतं, असं विचारलंय. तिचं मला माहीत नाही. मी मूळची वसईची कॅथलिक, नोकरीमुळे मडगावात राहते. माझ्यापुरतं सांगते.

सजगतेचं श्रेय मी एका साध्या सवयीला देते. जेझुइट या कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोला याने ती घालून दिली. 1542 मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर त्याचाच पॅरिसमधला सोबती. रात्री झोपण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटं शांत बसायचं. आधी दिवसात मिळालेल्याबद्दल देवाचे आभार मानायचे, मग नीट दिसू दे म्हणून प्रकाश मागायचा, मग सकाळपासून तासातासाने दिवस डोळ्यांपुढे आणायचा. चुकलं तिथे क्षमा मागायची आणि उद्याचं काहीतरी एकच ठरवायचं.

क्रमात आभार पहिले आहेत, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे. ‘देवा, सगळ्यासाठी धन्यवाद’ म्हणून भागत नाही, नेमकं आठवावं लागतं. भर पावसात सायकलवरून पाव घेऊन आलेला पोदेर, बसमध्ये सरकून जागा देणारी बाई. रात्री हे आठवायचंय म्हटल्यावर दिवसाही नजर पडायला लागते. चिडचिडीचंही तसंच. काम फार म्हणून मी चिडते असं वाटायचं. रोज पाहत गेल्यावर कळलं, दुपारचं जेवण चुकलं की चिडते. यात अध्यात्म काय, असं म्हणाल. पण डबा वेळेवर उघडायला लागल्यापासून घरातली भांडणं कमी झाली, आणि शेजाऱ्यावर प्रीती करायची तर सुरुवात घरापासूनच होणार ना!

ही तपासणी फक्त स्वतःची करायची असते. दुसऱ्याच्या मनाची झडती घेऊ लागलं की काय होतं, ते गोव्यात राहणाऱ्याला सांगायला नको. 1560 साली इथे इन्क्विझिशन, म्हणजे लोकांची श्रद्धा तपासून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय आलं, मध्ये थोडा खंड पडला तरी 1812 पर्यंत टिकलं. श्रद्धेबद्दल लिहिताना आम्ही हे वगळू नये, असं मला वाटतं.

आता आशा. ‘सगळं ठीक होईल’ ही आशा नव्हे; तसं वचन आम्हाला कुणी दिलेलं नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात क्रम असा आहे: संकटातून धीर, धीरातून शील आणि शीलातून आशा. आशा शेवटी येते. म्हणून संकटाच्या पहिल्याच दिवशी ती वाटली नाही तर श्रद्धा कमी पडली असं मुळीच नाही. बायबलमधली स्तोत्रं वाचा, कितीतरी नुसती गाऱ्हाणी आहेत. 88वं स्तोत्र तर अंधारावरच संपतं, कुणी शेवट गोड केलेला नाही. देवाशी इतकं उघड भांडता येतं, याचाच मला सर्वात मोठा आधार वाटतो. तक्रार ऐकणारा कुणी आहे असं वाटतं, तोवर माणूस तक्रार करतो. माझ्या लेखी आशा ती एवढीच, आणि येशू मेलेल्यांतून उठला या पुनरुत्थानावरचा विश्वास तिच्या मुळाशी आहे.

ही आशा एकट्याने टिकवणंही कठीण. गोव्यात वाड्यावरच्या खुरसापुढे (क्रुसापुढे) लदाईन, म्हणजे सामूहिक प्रार्थना होते, शेजारीपाजारी जमतात, प्रार्थना म्हणतात, मग उकडलेले चणे वाटले जातात. ज्याला त्या दिवशी प्रार्थना म्हणवत नाही, त्याच्या वाटची बाकीचे म्हणतात. तुमच्या मैत्रिणीमागे असं कुणी असेल, तर तिच्या न खचण्याचं निम्मं उत्तर तेच असावं.

एक मात्र स्पष्ट सांगते: झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर आधी डॉक्टर गाठा. प्रार्थना त्याच्या जोडीला चालते, बदल्यात नाही.

करून पाहायचं असेल तर रात्रीची ती दहा मिनिटं बिगरख्रिस्ती माणसालाही जमतील. देवाच्या जागी कुणाला ठेवायचं ते तुम्ही ठरवा. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, पाहावीशी वाटली तर रविवारी मैत्रिणीसोबत जा. मागच्या बाकावर बसा, सगळे उभे राहिले की उभे राहा. कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, रांगेत तेवढं जाऊ नका, ते कॅथलिकांपुरतं असतं.