एक नाव, दोन बहिणाबाई

प्रश्न: ताई, ३ डिसेंबरला बहिणाबाई चौधरींची पुण्यतिथी. शाळेसाठी जो फलक रंगवून आणलाय, त्यात त्यांच्या फोटोखाली 'ज्ञानदेवे रचिला पाया' लिहिलंय. मी हरकत घेतली, तर सहकारी म्हणतात, नाव तेच, ओळ चांगली, बिघडलं काय? त्यांना काय सांगू?
– एक शिक्षिका, यावल

उत्तर: बाई, तुमची हरकत अगदी रास्त आहे. तो अभंग संत बहिणाबाईंचा. वेरूळजवळच्या देवगावच्या त्या, सतराव्या शतकातल्या, तुकोबांच्या शिष्या. शेवटी 'बहिणी' अशी नाममुद्रा येते, गोंधळ तिथूनच सुरू होतो. आपल्या बहिणाबाई जळगावजवळच्या आसोद्याच्या, जन्म १८८० चा. मध्ये दोनशे वर्षांहून जास्त अंतर आहे.

मी भुसावळला मराठी शिकवायचे, तेव्हा वर्गात दोघींच्या ओळी शेजारी शेजारी लिहायचे. 'आधी हाताला चटके, तंव्हा मियते भाकर.' ज्या घरात 'मिळते'चं 'मियते' होतं, तिथल्या बाईच्या तोंडी त्या अभंगातली 'इमारत फळा आली' ही ओळ कशी यायची? बहिणाबाईंच्याच लेवा समाजातल्या घरांतली पोरं हे माझ्याआधी ओळखायची, कारण त्यांची आजी तसंच बोलते.

आणि बिघडतं काय म्हणाल, तर फार बिघडतं. आपल्या बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात सुचलेलं गाणं मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी उतरवून ठेवलं म्हणून उरलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ साली अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. त्यांच्या हातचं एक अक्षर कुठे नाही. त्यामुळे कुणी काहीही त्यांच्या नावावर घातलं, तर अडवायला तेवढा संग्रहच आहे. मला याचा मनापासून त्रास होतो. जिचं स्वतःचं इतकं अस्सल बोलणं आहे, तिच्या तोंडी दुसरीचे शब्द घालायचे, तेही जळगाव जिल्ह्यात! शिवाय त्या संत कवयित्रीचंही नाव पुसलं जातंच. सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी एका स्त्रीने ज्ञानदेवांपासून तुकोबांपर्यंतची सगळी परंपरा एका अभंगात मांडली, ते श्रेय तिचंच आहे.

रंगाऱ्याला पुन्हा बोलवा. फोटोखाली 'मियते भाकर' लिहा, 'य'सकट, कुणी 'सुधारू' लागलं तर सुधारू देऊ नका. अभंग दुसऱ्या भिंतीवर घ्या, खाली 'संत बहिणाबाई' असं पूर्ण नाव घाला. आणि मोबाइलवर बहिणाबाई चौधरींच्या नावाने फिरणारी कविता परिपाठात घ्यायची झाली, तर आधी ग्रंथालयातला संग्रह काढून पाहा. त्यात नसेल, तर ती बहिणाबाईंची म्हणून वाचू नका.