शिंपल्याला मासा लागतो

(वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

या वेळच्या पत्रांत गोड्या पाण्यातल्या शिंपल्यांनी बाकी सगळ्यांना मागे टाकलंय. मोत्यांच्या शेतीचे व्हिडिओ गावोगाव पोचल्याचा हा परिणाम असावा. चार पत्रं घेतली आहेत. पहिल्या दोघांना जरा सविस्तर लिहिते, कारण तिथे पैसे आणि जीव दोन्ही जातायत.

आमचं ३० बाय ३० मीटरचं कागद अंथरलेलं शेततळं आहे. पाणी बोअरचं. उजनीच्या फुगवट्यातून दोन पोती शिंपले आणून जाळीच्या पिशव्यांत टांगले. महिनाभर ठीक होते. मध्ये शेवाळ फार माजलं म्हणून मोरचूद टाकला. आता रोज मेलेले निघतात. मोत्यासाठी शिंपल्यांत मणी तर अजून बसवलेलेही नाहीत. पाणी खारट असल्यामुळे हे होतंय का? — भ. शि., ता. करमाळा

भाऊ, पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही ओझरतं लिहिलंत आणि दोष बोअरच्या माथी मारलात. बोअरच्या पाण्यातला चुना शिंपल्याला हवाच असतो, कवच त्याचंच बनतं. तुमचे शिंपले मोरचूदाने मरतायत.

शिंपला एका फटीतून पाणी आत घेतो, ते कल्ल्यांवरून फिरवतो आणि दुसऱ्या फटीतून बाहेर सोडतो. श्वास त्याच कल्ल्यांनी, खाणंही त्याच कल्ल्यांनी गाळून. मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार, आणि पाण्यात तांबं आलं की ते थेट तिथेच येऊन भिडतं. शिंपल्याला ते कळतं, तो कवच घट्ट मिटून बसतो. पण किती दिवस बसेल? श्वासासाठी उघडावं लागतं. म्हणून सगळे एका रात्रीत न मरता रोज थोडे थोडे मरतात आणि माणूस कारण भलतीकडेच शोधत राहतो. मातीच्या तळ्यात बरंचसं तांबं गाळ धरून ठेवतो. तुमच्याकडे खाली कागद, तांबं जाणार कुठे? शिवाय ज्या शेवाळावर मोरचूद टाकलात त्यासोबत पाण्यातली बारीक हिरवी जीवसृष्टीही गेली. शिंपल्याचं जेवण ते. वर कुजणाऱ्या शेवाळाने प्राणवायू ओढला तो वेगळाच.

आता करायचं ते असं. जिवंत शिंपले आजच दुसऱ्या पाण्यात हलवा. तोंड उघडं असून बोट लावल्यावर मिटत नाही तो मेला, तो लगेच काढा, नाहीतर त्याची घाण बाकीच्यांना भोवते. एखादा मिटलेला पण हातात विचित्र जड लागतो, तोही फेका. आत नुसता चिखल असतो. तळ्याचं पाणी पूर्ण बदला. नव्या पाण्यात कुजलेलं शेणखत गोणपाटात बांधून लटकवा आणि थांबा. हात कोपरापर्यंत पाण्यात घालायचा आणि स्वतःच्या बोटांकडे बघायचं. बोटं स्वच्छ दिसली तर शिंपले उपाशी राहणार. पाण्याच्या हिरवटपणात पंजा जेमतेम हरवला की पाणी तयार झालं. डाळिंबावर बोर्डो मारून पंप तळ्यात खंगाळायची सवय घरात कुणाला असेल तर ती आधी मोडा. बोर्डोतही मोरचूदच असतो.

संख्येचंही बघा. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने हेक्टरी २० ते ३० हजार शिंपले असं प्रमाण दिलेलं आहे. तुमच्या ९०० चौरस मीटरला ते १,८०० ते २,७०० होतात. पिशवीत दोन, पाण्याखाली साधारण मीटरभर. मणी बसवण्याची घाई तर मुळीच नको. आठ सेंटिमीटरच्या वरचा, धडधाकट, हात लावताच खटकन मिटणारा शिंपलाच ती शस्त्रक्रिया सोसतो. त्यानंतर मोत्याला वर्ष-दीड वर्ष लागतं. मध्यंतरी जो व्यापारी ‘मोती आम्हीच परत घेऊ’ म्हणतो, त्याने मागच्या खेपेला कुणाकडून किती घेतले ते त्या शेतकऱ्याच्या तोंडून ऐकून या.

प्रशिक्षणात सांगितलं होतं की एकदा शिंपले सोडले की ते तळ्यातच वाढतात, पुन्हा आणावे लागत नाहीत. तीन वर्षं झाली, एक पिल्लू दिसत नाही. नर-मादी ओळखून सोडायला हवे होते का? — एक शेतकरी भगिनी, ता. राहुरी

नर-मादीचा प्रश्न नंतरचा, ताई. आधी सांगा, तळ्यात मासे आहेत का? पत्रात कुठे उल्लेख नाही, म्हणून नाहीत असं धरते.

शिंपल्याच्या मादीची अंडी तिच्या कल्ल्यांतच वाढतात. अशी मादी किंचित उघडून पाहिली तर एरवी पातळ असणारे कल्ले जाडजूड, फुगलेले दिसतात. त्यात हजारो पिल्लं असतात, प्रत्येकाला दोन इवलीशी कवचं. १७९७ साली राथके नावाच्या शास्त्रज्ञाला ती शिंपल्याला पोखरणारे परजीवी वाटली आणि त्याने त्यांना तसं नावही देऊन टाकलं. परजीवी ती आहेतच, पण शिंपल्याची नव्हेत, माशाची! बाहेर पडली की त्यांना माशाच्या कल्ल्यावर किंवा परावर चिमट्यासारखं चिकटावं लागतं. माशाची त्वचा त्यांच्याभोवती वाढते, आत काही दिवस ते काही आठवडे राहून त्यांचा छोटा शिंपला होतो आणि तो सुटून तळाला पडतो. मासा भेटला नाही तर पिल्लू थोड्याच काळात मरतं. कुठलाही मासा चालतो असंही नाही. चुकीच्या माशाचं शरीर त्यांना झटकून टाकतं. अमेरिकेतल्या काही जातींच्या माद्यांनी यावर कमाल केलीय. त्यांच्या कवचाबाहेर मांसाची एक झालर येते, हुबेहूब छोट्या माशासारखी, डोळ्यासकट. मोठा मासा तिला खायला झेपावतो आणि पिल्लं थेट त्याच्या तोंडावर!

तेव्हा तुमच्या तळ्यात तीन वर्षं पिल्लं जन्मली असतील आणि मेलीही असतील. समजा मासा असता, तरी सुटलेली पिल्लं पडली असती कागदावर. त्यांना रुतायला वाळूमिश्रित गाळ लागतो. करून बघायचं असेल तर प्लास्टिकच्या उथळ क्रेटमध्ये नदीची वाळू आणि गाळ चार बोटं भरून तळाशी ठेवा, आणि ज्या पात्रातून शिंपले आणलेत तिथलेच स्थानिक छोटे मासे सोडा. सायप्रिनस (कॉमन कार्प मासा) नको, तो तळ उकरत बसतो. फुगलेल्या कल्ल्यांच्या माद्यांना मणी बसवू नका, त्या क्रेटच्या वर टांगा. कवच बघताना बोटभरसुद्धा उघडायचं नाही, जोर लावलात तर मिटवणारा स्नायूच फाटतो.

एवढं करून कुणी बघत नाही, हेच माझं गाऱ्हाणं आहे. आपल्याकडची मोत्याची शेती बहुतांशी नदीतून पोती भरण्यावर उभी आहे. त्याला शेती का म्हणायचं, मला कळत नाही. बियाणं न राखता दरवर्षी रानातून उपटून आणलं तर आपण त्या माणसाला शेतकरी म्हणत नाही. अमेरिकेत मिसिसिपी नदीच्या काठी मस्कटीन नावाचं गाव आहे, तिथे १८९१ पासून शिंपल्यांच्या कवचाची बटणं निघू लागली. कारखान्यांनी नदीचे तळच्या तळ ओरबाडले. शिंपले मिळेनात तेव्हा १९०८ मध्ये सरकारने जवळच फेअरपोर्टला केंद्र मंजूर केलं. तिथे माशांच्या कल्ल्यांवर शिंपल्यांची पिल्लं मुद्दाम चिकटवून मासे नदीत सोडत. पुढे प्लास्टिकच्या बटणांनी तो धंदा संपवला, पण तिथल्या कितीतरी जाती आजही सावरलेल्या नाहीत. आपल्याकडे पोती भरणाऱ्यांच्या जोडीला वाळू उपसणारे आहेत, आणि शिंपला राहतो नेमका त्याच वाळूत. बंधाऱ्यांनी माशांची ये-जा अडते तेव्हा वरच्या अंगाच्या शिंपल्यांची पिल्लावळही अडते. नदीत मोठाले शिंपले भरपूर दिसतात म्हणून सगळं आलबेल आहे असं धरू नका. नखाएवढे सापडतात का ते बघा. ते नसतील तर तिथे म्हातारेच उरलेत.

आमच्या गावतलावात सांडपाणी येतं. शिंपले पाणी गाळतात असं वाचलं. हजारभर सोडले तर तलाव स्वच्छ होईल का? — ग्रामपंचायत सदस्य, जि. कोल्हापूर

गाळतात हे खरं. पण गाळलेलं सगळं पोटात राहत नाही. नको असलेले कण चिकट लाळेत गुंडाळून ते तळाला टाकतात. पाणी निवळतं, घाण तळाशी साठते. सांडपाण्यातल्या अमोनियाने तर हे हजार शिंपले पहिल्याच उन्हाळ्यात मरतील आणि तुमच्याकडे सडक्या मांसाचा नवा प्रश्न उभा राहील. आधी नाला वळवा. मग तलावात अजून थोडे शिंपले असतील तर त्यांचे ते वाढतील, मासे असले की. दुसऱ्या नदीचे आणून मुळीच सोडू नका, त्यांच्याबरोबर कुठला रोग येईल सांगता येत नाही.

कृष्णेचं पाणी उतरलं की काठावर शिंपले उघडे पडतात. आमच्याकडे पूर्वी खायचे. आता खावेत का? — र. पा., सांगली

गावाच्या आणि कारखान्याच्या खालच्या अंगाचे नकोत. जे पाण्यात असेल ते शिंपल्याच्या मांसात साठतं, जड धातू तर शिजवूनही जात नाहीत. एक दिवस स्वच्छ पाण्यात ठेवले की पोटातली वाळू निघते, विष निघत नाही. काठावर जे उघडे पडलेत त्यातले मिटलेले, जिवंत असलेले उचलून खोल पाण्यात टाकलेत तर बरं. उन्हात ते फार टिकत नाहीत. रिकामी कवचं मात्र बेलाशक घरी न्या. भाजून, कुटून कोंबड्यांना घातली की अंड्याचं कवच मजबूत येतं.